वाडा जळाला, दार उरले



नंदनवनात सभा भरली आहे, तेव्हा इंद्राच्या बागेविषयी काही ऐकावयास मिळेल अशी आशा कोणी धरली असल्यास त्याची आज निराशा होणार आहे. मला बोलावयाचे आहे ते एका दाराविषयी. आणि तेही असे, की ज्याच्या मागचे घर जळून दीडशेहून अधिक वर्षे झाली. हे दार आपल्यापासून फार दूरचे नाही. ह्या वस्तीतून निघावे, जगनाडे चौक ओलांडावा, रेशीमबाग एका अंगाला टाकून पश्चिमेची वाट धरावी, की पायी चालणारा मनुष्य पाऊण तासाच्या आत महालात पोचतो. रिक्षावाल्याला आपण ‘महाल’ एवढेच सांगतो आणि तो बिनचूक नेऊन सोडतो. परंतु परगावच्या पाहुण्याने तेथे उतरून इकडेतिकडे पाहिले आणि ‘अहो, पण महाल आहे कोठे?’ असे विचारले, म्हणजे आपण नागपूरकर थोडे घुटमळतो. कोणी भोसल्यांच्या आजच्या वाड्याकडे बोट दाखवितो, कोणी देवळाकडे. खरे उत्तर असे आहे, की महाल हे आता पेठेचे नाव आहे. ज्या महालावरून ते पडले तो १८६४ साली जळून गेला.

त्याचे वर्णन इंग्रज गॅझेटियरकारांनी दोन ओळींत उरकले आहे. काळ्या बेसॉल्ट दगडाचा, लाकडी कोरीवकामाने मढविलेला राजवाडा. १८६४ साली आगीत नष्ट झाला. नगारखान्याचा मोठा दरवाजा तेवढा उरला. विसाव्या शतकाच्या आरंभी ही नोंद छापली गेली. दोन ओळी खऱ्या, पण त्यांत एक कोडे आहे. संपूर्ण राजवाडा खाऊन टाकणारी आग दारापाशी येऊन का थांबली? आणि दुसरे, हे फक्त आपल्याच गावी घडले काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अगोदर देतो, कारण ते सोपे आहे. नाही. पुण्याचा शनिवारवाडा घ्या. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावाने त्याचा पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांती झाली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली. आज पुण्यास जाणारा प्रवासी काय पाहतो? बाहेरचा तट, आतली जोती, कारंज्यांचे हौद. आणि दिल्ली दरवाजा. हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर लावलेल्या अणकुचीदार सुळ्यांसकट ते दार उभे आहे. इंदूरचा होळकरांचा राजवाडा तर तीन वेळा अग्नीच्या तोंडी गेला: १८०१ मध्ये, १९०८ मध्ये, आणि आपल्यांतील पुष्कळांच्या आठवणीत, १९८४ मध्ये. सात मजल्यांची ती दर्शनी इमारत, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. शेवटच्या आगीत मागचा वाडा गेला आणि रस्त्याकडे तोंड केलेले प्रवेशद्वार उभे राहिले. पुढे इंदूरकरांनी मागचा भाग पुन्हा बांधला. मराठी सत्तेची तीन स्थाने, तिन्ही ठिकाणी घर गेले आणि दार राहिले. ह्याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता पहिला प्रश्न. मराठी वाडा म्हणजे दगडाचे घर, असा आपला समज असतो. तो वरवरचा आहे. जोते दगडाचे, तळमजल्याच्या भिंती दगडाच्या. परंतु घर पेलून धरतो तो लाकडाचा सांगाडा. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर मातीचा किंवा चुन्याचा थर, आणि पुन्हा वर तोच क्रम. भिंती पुष्कळ ठिकाणी ह्या सांगाड्यात भरलेल्या असतात. भिंत पडली तरी मजला राहतो. त्यात मधोमध आकाशाला उघडा असा चौक, आणि चौकाच्या चारी बाजूंनी लाकडी सोपे व सज्जे. उन्हाळ्याच्या दिवसांत हाच चौक घरातील गरम हवा वर ओढून घेतो आणि आपण ‘वाड्यात काय गारवा असतो’ म्हणून कौतुक करतो. आग लागली म्हणजे तोच चौक धुराड्याचे काम करतो. खालून हवा आत, वरून ज्वाळा बाहेर. एका सोप्याची आग दुसऱ्याला शिवावयास वेळ लागत नाही.

दाराची रचना ह्याच्या उलट. राजवाड्याचे दार हे वाड्याच्या सांगाड्याचा भाग नसतेच. ती स्वतंत्र इमारत असते. दोन बाजूंना जाड दगडी बुरूज किंवा भिंती, आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या, माथ्यावर नगारखाना, आणि दार ओलांडल्यावर पुढे मोकळे अंगण. ह्या मोकळ्या जागेने पुष्कळ दारे वाचविली. शिवाय दाराच्या फळ्या. वीतभर जाडीच्या सागवानाला पातळ सज्जासारखी झटकन आग लागत नाही. वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ उष्णतेपासून झाकून धरतो. सुतारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अभियंत्यांनी ते आता आकड्यांत मांडले आहे इतकेच.

सागवानाचा विषय निघाला आहे तर विदर्भाच्या माणसाने थोडे थांबलेच पाहिजे. चांद्याच्या जंगलाचा, त्यातही आलापल्लीचा साग नावाजलेला. अंगचे तेल असल्यामुळे वाळवी लवकर शिवत नाही. पाण्यापावसात फुगत नाही, उन्हात तडकत नाही. आणि कोरावयास घेतला तर पटाशीखाली ढलपा न उडता रेघ स्वच्छ निघते. हा लौकिक अजून ओसरलेला नाही. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग गेला तो बल्लारपूरहून, आणि त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसदभवनात वापरलेला सागही नागपूरचा. म्हणजे देशात कोठे मोठे दार उभारावयाचे झाले की लाकडासाठी अजून आमच्याकडे यावे लागते. नागपुरातील जुन्या दारांची वास्तपुस्त मात्र आम्ही किती ठेवतो, हे विचारू नये.

असो. जुने दार कसे पाहावे, हे थोडे सांगतो. कारण आपण त्याच्यातून ये-जा करतो, त्याच्याकडे पाहत नाही. पहिली वस्तू उंबरठा. तो जाणूनबुजून उंच ठेवलेला असतो. नंतर चौकट, तिच्या दोन्ही उभ्या लाकडांवर वेलबुट्टी, आणि वरच्या आडव्या लाकडावर मधोमध गणपती. म्हणून त्या पट्टीला गणेशपट्टीच म्हणतात. दोन्ही अंगांना भिंतीत दिव्यांसाठी कोनाडे. दाराच्या फळ्यांना आजच्यासारखी बिजागरी पुष्कळदा नसते. फळीलाच वर आणि खाली खुंट ठेवलेले असतात व ते उंबरठ्याच्या दगडातील खळग्यात फिरतात. मोठे दार उघडताना जो घुमणारा आवाज होतो तो ह्या खुंटांचा. आतून लावावयाचा अडसर म्हणजे जवळजवळ एक तुळईच. दार उघडे असताना तो भिंतीतल्या पोकळीत सरकवून ठेवावयाचा आणि रात्री ओढून पलीकडच्या भोकात बसवावयाचा.

आणि दिंडी. मोठ्या दाराच्या एका फळीत माणसापुरते कापलेले हे छोटे दार. मोठे दार हत्ती-घोडे, पालख्या, वराती यांच्यासाठी; रोजची ये-जा दिंडीतून. तिच्यातून आत यावयाचे तर मान वाकवावी लागते आणि एक पाय आधी आत टाकावा लागतो. पाहुणा असेल तर तो नकळत वाकून नमस्कार करीत आत येतो. शत्रू असेल तर त्याचे डोके पहारेकऱ्याच्या तलवारीखाली अगोदर येते. एकाच योजनेत आदरातिथ्य आणि बंदोबस्त दोन्ही साधणारी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही. ही कल्पना आपल्याच सुतारांची असे मात्र समजू नये. फ्रान्समधील जुन्या शहरांत सरदारांची व धनिकांची जी घरे आहेत, त्यांनाही रस्त्यावर असेच कोरीव लाकडी मोठे दार असते. घोडागाडी आत जाईल एवढे. त्याला ते ‘पोर्त कोशेर’ म्हणतात, आणि त्याच्या फळीत माणसासाठी लहान झडप असते. आत चौक, चौकाभोवती घर. पॅरिसच्या गल्लीत उभ्या राहिलेल्या नागपूरकराला क्षणभर महालात असल्यासारखे वाटावे, इतके हे साम्य आहे. दोन्हीकडे सत्ता आणि पैसा शहरात राहावयास आला आणि दोघांनाही रस्त्यापासून एकच भीती व रस्त्याला दाखविण्याची एकच हौस होती.

कोरीवकाम ही ती हौस. महालातील जुन्या वाड्यांच्या पुढच्या अंगाला पाहिले तर सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले खांब दिसतात; दोन खांबांमध्ये महिरप; आणि महिरपीच्या कोपऱ्यातून खाली लोंबणारे केळफूल. सुरू आपल्याकडे आला मोगली बागांतून आणि त्यांच्या इमारतींतून. केळफूल आमच्या परसातले. दोघे एका तुळईखाली नांदतात. मराठ्यांनी दिल्लीची सत्ता मोडली आणि तिचा खांब मात्र घरी आणला, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

हे काम पूर्ण वैभवात पाहावयाचे असेल तर सध्या पुण्याच्या विश्रामबागवाड्यासारखे दुसरे ठिकाण नाही. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास बांधून घेतला. खर्च सुमारे २ लाख रुपये. ह्या पेशव्याविषयी इतिहासाने चांगले लिहिले नाही आणि लिहावयाचे कारणही फारसे नाही. परंतु त्याच्या सुतारांना त्याची शिक्षा देऊ नये. प्रवेशद्वारावर पुढे काढलेला कोरीव सागवानी सज्जा, खाली सुरूचे खांब, आणि सगळ्याचे तोंड भर रस्त्याकडे. शनिवारवाड्याचे दार शत्रूसाठी केलेले आहे, विश्रामबागेचे दार बघ्यांसाठी. पाऊणशे वर्षांत पेशवाईचे काय झाले हे ज्याला ग्रंथ न वाचता समजून घ्यावयाचे असेल त्याने एकाच सकाळी ही दोन दारे पाहावीत.

पेशवाई गेल्यावर १८२१ साली चॅप्लिनसाहेबाने ह्या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ ते. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्ही पेटले. बुधवारवाडा गेला. विश्रामबागेची पूर्वेकडची बाजू गेली. ह्यापुढची गोष्ट मला विशेष वाटते. पुण्याच्या लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने भर घातली, आणि जळालेला भाग पुन्हा उभा केला. वाडा त्यांचा नव्हता. ज्या राजाने तो बांधला त्याच्याविषयी त्यांना प्रेम असण्याचेही कारण नव्हते. तरी त्यांनी पैसे दिले.

आता पुन्हा नागपूर. आमच्या राजवाड्यासाठी वर्गणी का निघाली नाही? आम्ही पुणेकरांहून कृपण आहोत म्हणून नव्हे. त्याचे कारण आग लागण्याच्या दहा वर्षे आधी घडून गेले होते.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नाकारले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. रेसिडेंट मॅन्सेल स्वतः ह्या निर्णयाच्या विरुद्ध होता. त्याचे कोणी ऐकले नाही. राज्य जाणे ही राजकारणातली गोष्ट. परंतु त्यानंतर जे झाले ते घरात घुसून झाले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विक्रीस गेले. मग राजवाड्यातील सामानसुमान हलविण्याची पाळी आली. त्या वेळी घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती होती बाकाबाई, दुसऱ्या रघूजींची विधवा. १८५७ च्या युद्धाचा इतिहास लिहिणारा के हा इंग्रज लेखक सांगतो, की वाड्यातले सामान हलवाल तर मी वाड्यालाच आग लावीन असे ती म्हातारी राणी निक्षून म्हणाली. सामान हलविले गेले. आग तिने लावली नाही. पुढे १८५७ साली तिने आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही आणि १८५८ मध्ये ती वारली. तिच्यामागे सहा वर्षांनी राजवाडा जळाला.

ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह कथाकाराला होईल. मी तो जोडीत नाही. पण एक गोष्ट निश्चित म्हणता येते. १८६४ साली जे जळाले ते घर नव्हते. घराचे लाकूड होते. गालिचे, हंड्याझुंबरे, पलंग, पोशाख, देवघरातील उपकरणी, ज्यांमुळे वाड्याला घरपण असते त्यांतले पुष्कळसे दहा वर्षांपूर्वीच बाहेर गेले होते. नागपूरने आगी पूर्वीही पाहिल्या होत्या. १७६५ साली पेशवे आणि निजाम यांच्या फौजांनी शहराचा भाग जाळला होता, १८११ साली पेंढाऱ्यांनी जाळला. दोन्ही वेळी गाव पुन्हा उभे राहिले, कारण उभे करणारा धनी होता आणि त्याला त्यात राहावयाचे होते. १८६४ मध्ये धनी राजा नव्हता आणि राजा धनी नव्हता. तेव्हा वर्गणी कोणी काढावी, आणि कोणासाठी?

आणि दार उरण्याचे दुसरे एक कारण येथे सापडते. हत्ती हाकून नेता येतो, हिरा पेटीत घालता येतो, पलंग चार हमाल उचलतात. दार लिलावात निघत नाही. निदान त्या काळी निघत नसे.

‘त्या काळी’ असे मी मुद्दाम म्हणतो. हल्ली निघते. शहरातील जुना वाडा पाडावयाचा ठरला, भावाभावांत वाटे पडले, बांधकाम करणाऱ्याशी करार झाला, की वाड्यात सर्वांत अगोदर जो येतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. खांब, तुळया घनफुटावर जातात. कोरीव चौकटीचा सौदा वेगळा. ती पुढे एखाद्या हॉटेलाच्या भिंतीला टेकून उभी राहते, किंवा तिच्यावर काच घालून चहाचे मेज होते. त्या मेजावर मी चहा घेतला आहे. चहा उत्तम होता. गणेशपट्टीतील गणपती काचेखालून छताकडे पाहत होता. पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर खेड्यापाड्यांतून दारे-खिडक्या गोळा केल्या, कोथरूडचा मस्तानीमहाल तुकड्या-तुकड्यांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला, आणि १९६२ साली तो सारा संग्रह सरकारला देऊन टाकला. ते नसते तर त्यांतील कितीतरी दारांची चूल झाली असती. एवढे मान्य करूनही सांगतो, संग्रहालयातील दारापुढे उभे राहिले की मला थोडे अवघडल्यासारखे होते. त्याच्यातून पलीकडे जाता येत नाही. मागे भिंत असते.

महालात अजून काही दारे जागच्या जागी आहेत. जुम्मा दरवाजा आहे, ज्याला आपण गांधी द्वार म्हणतो. चांद सुलतानाच्या काळच्या गावकुसाचा तो अवशेष. तटबंदी गेली, वेस राहिली. आणि घरांची दारे आहेत, गल्लीबोळांत, वर विजेच्या तारांचे जाळे आणि खाली स्कूटर लावलेली. त्यांतल्या एका वाड्याचा, तो माझ्या दूरच्या आप्तांचा, शेवट मी पाहिला आहे. वाडा फार मोठा नव्हता, दोन चौकी. घरातील माणसे अगोदरच नव्या सदनिकांत राहावयास गेली होती. व्यापाऱ्याने चौकट काढण्यासाठी एक वयस्क सुतार आणला होता. तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. लाकडावरून हात फिरविला, उंबरठ्याच्या दोन्ही टोकांशी बसून भिंतीत बोट घालून पाहिले. मी म्हटले, ‘काय मिस्त्री, निघत नाही काय?’

‘बाबूजी,’ तो म्हणाला, ‘घर बांधतानी चौकट पयले उभी होते. तिची पूजा होते. मंग भित येते. हे काढाचं म्हणजे पयले भित पाडा लागन.’

व्यापारी म्हणाला, पाड. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंच्या भिंती उतरल्या. मधल्या घटकाभर ते दार आपल्या चौकटीसह एकटेच उभे होते, दोन्ही बाजू मोकळ्या, मागे चौकातली तुळस दिसत होती. कामावरचा एक पोरगा घमेले डोक्यावर घेऊन आला. बाजूने जावयास हवी तेवढी जागा असताना तो दिंडीपाशी थांबला, घमेले हातात घेतले, आणि वाकून आत गेला.